फासा कुणावर टाकायचा?

प्रश्न : मी आणि माझा मित्र गेली तीन वर्षं नोकरी सांभाळून क्रिकेटचा एक मॅनेजर गेम बनवतो आहोत. त्यात बॅट हातात घ्यायची नसते. संघ निवडायचा, करार करायचे, सराव ठरवायचा, मग मॅच इंजिन चेंडूगणिक सामना खेळून दाखवतं. दोन मोड आहेत. एकात सगळे खेळाडू काल्पनिक. दुसरा ऐतिहासिक, १९७० पासून सुरू होणारा, खऱ्या देशांचा आणि खऱ्या खेळाडूंचा. इंजिन आता बरं चालतं. भांडण होतं ते मैदानाबाहेरच्या गोष्टींवरून. मित्र म्हणतो, मॅच-फिक्सिंग, डोपिंग, वर्णद्वेष, नैराश्य, महामारी सगळं आलं पाहिजे, नाहीतर खेळ खोटा वाटेल. मला वाटतं, लोक दोन तास विरंगुळ्याला येतात, त्यांना क्रिकेट द्यावं. तडजोड म्हणून आम्ही ‘रँडम इव्हेंट’ची एक यादी केली. अधूनमधून त्यातला एखादा पडतो. त्यात खेळाडूचा अपघाती मृत्यूही आहे. गेल्या आठवड्यात तो इव्हेंट आल्यावर एका टेस्टरने फक्त ‘हे का?’ एवढंच लिहून पाठवलं आणि पुन्हा लॉगिन केलं नाही. काय ठेवावं आणि काय काढावं, हे ठरवायची काही रीत आहे का?

उत्तर : टेस्टरचा ‘हे का?’ मी पुन्हा पुन्हा वाचला. तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाचं तेच आहे, म्हणून त्याच्याकडे शेवटी सावकाश येते. आधी तुमचं भांडण.

तुम्ही दोघं ‘किती’ यावर भांडताय. त्याला जास्त हवं, तुम्हाला कमी. त्यातून ती रँडम इव्हेंटची यादी निघाली, आणि माझ्या मते तुमच्या दोघांच्या म्हणण्यापेक्षा ती यादीच वाईट आहे. फिक्सिंगच्या खाली नैराश्य, नैराश्याच्या खाली मृत्यू, त्याच्या खाली बहुधा ‘खेळाडूला जाहिरातीचा करार मिळाला’. फासा पडतो, दोन आकडे वरखाली होतात, पुढचा सामना सुरू. मित्राला हवा तो खरेपणा यातून येत नाही आणि तुम्हाला हवा तो विरंगुळाही नासतो.

मी असे खेळ लिहायला लागले तेव्हा अशाच याद्या करत असे. पुढे एक सवय लागली. कुठलाही विषय आला की आधी मॅनेजरची खुर्ची डोळ्यांपुढे आणायची. खेळणारा माणूस त्या एकाच खुर्चीत बसलेला असतो. त्याच्या टेबलावर डॉक्टरांची चिठ्ठी येते, एजंटचा निरोप येतो, मंडळाचं पत्र येतं, आणि उद्याचे अकरा जण त्याला संध्याकाळपर्यंत लिहून द्यायचे असतात. जगातला एखादा प्रश्न यांपैकी एखाद्या कागदावरून येत असेल आणि त्यावर त्याला काही ठरवावं लागत असेल, तर तो खेळात घ्या, कितीही कडू असला तरी. ‘अरेरे’ म्हणून ‘पुढे’ दाबण्यापलीकडे त्याच्या हातात काहीच नसेल, तर घेऊ नका.

डोक्याला लागणाऱ्या चेंडूपासून सुरुवात करते. क्रिकेटच्या खेळात सगळ्यात आधी हाच विषय यायला हवा, आणि तुमच्या पत्रातल्या विषयांत नेमका तोच नाही.

ऑगस्ट २०१९, लॉर्ड्स, अ‍ॅशेसची दुसरी कसोटी. स्टीव्ह स्मिथ ८० धावांवर असताना जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू त्याच्या मानेवर आदळतो आणि तो जमिनीवर कोसळतो. त्याला आत नेतात, तपासतात, तपासणीत तो ठीक ठरतो आणि थोड्या वेळाने पुन्हा फलंदाजीला उतरतो. ९२ वर बाद होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्रास जाणवू लागतो आणि त्याला सामन्यातून काढून घ्यावं लागतं. आयसीसीचा कन्कशन सबस्टिट्यूटचा, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला इजा झालेल्या खेळाडूऐवजी दुसरा खेळवायचा नियम त्याच महिन्याच्या १ तारखेपासून लागू झाला होता, म्हणून मार्नस लबुशेनला त्याच्या जागी खेळता आलं. कसोटीतला तो असा पहिला बदली खेळाडू. आल्या आल्या त्याच्याही हेल्मेटवर आर्चरचा चेंडू बसला, तरी त्याने ५९ धावा केल्या.

यात मॅनेजरच्या टेबलावर काय काय आलं बघा. पहिली तपासणी स्वच्छ. खेळाडूला खेळायचंच आहे. सामना अटीतटीचा. लक्षणं उशिरा दिसू शकतात, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक आहे. बदली खेळाडू त्याच कामाचा लागतो आणि त्याला मॅच रेफरीची मान्यता लागते, त्यामुळे या सवलतीआडून एखादा ताजा गोलंदाज घुसवता येत नाही. खेळाडूच्या जिवाचा एवढा मोठा प्रश्न इथे संघनिवडीच्या रोजच्या कामातच आला आहे, वेगळा आणून बसवावा लागलेला नाही. तुमच्या स्क्रीनवर मी तो असा लिहीन :

‘डॉक्टर : तपासणीत काही आढळलं नाही. तरी सकाळी पुन्हा बघणार आहे. तो खेळतो म्हणतोय. आज उतरवायला माझी हरकत नाही, पण मन निश्चिंत नाही.’

खाली दोन बटणं. ‘आत्ताच बदली खेळाडू मागा’ आणि ‘परत पाठवा’. डॉक्टर नाही म्हणत असतील तेव्हा त्यांना डावलायचं बटण ठेवू नका, तो अधिकार मॅनेजरचा नाहीच. आणि दुसरं बटण दाबलं तर निकाल लगेच सांगू नका. दिवसाचा खेळ संपू दे, रात्र जाऊ दे, सकाळी डॉक्टरांची दुसरी चिठ्ठी येऊ दे. मधल्या वेळात खेळणाऱ्याला जी धाकधूक होईल तीच त्या प्रसंगाची खरी किंमत आहे, आणि ती कुठल्याही आकड्यात मावत नाही.

हाच विषय किती वेगळ्या रूपांत येऊ शकतो, ते अमेरिकन फुटबॉलच्या मॅडन मालिकेत दिसतं. ‘जॉन मॅडन फुटबॉल ९२’ मध्ये खेळाडू जखमी झाला की मैदानात अँब्युलन्स घुसायची आणि वाटेतल्या खेळाडूंना उडवत यायची. २०११ साली आलेल्या ‘मॅडन एनएफएल १२’ मध्ये कन्कशन झालेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊच शकत नाही, आणि का नाही ते समालोचक सांगतात. मधल्या वीस वर्षांत मेंदूच्या दुखापतींनी त्या खेळाची झोप उडवली होती. दुखापत दोन्ही खेळांत होती, म्हणून ‘विषय घेतला’ असं दोघांबद्दलही म्हणता येईल. पण एकाने तिची गंमत केली आणि दुसऱ्याने नियम.

डोपिंगची तुमची ओळ बहुधा ‘खेळाडू दोषी आढळला, बंदी’ अशी असेल. ही बातमी झाली. टेबलावर त्याआधी बरंच काही येऊन गेलेलं असतं. २००३ च्या विश्वचषकाच्या तोंडावर शेन वॉर्नला घरी परतावं लागलं ते लघवी वाढवणाऱ्या औषधामुळे. त्या औषधाने चेंडू जास्त वळत नाही. पण त्याच्याआड दुसरं काही लपवता येतं म्हणून ते बंदी असलेल्यांत मोडतं. त्याचं एक वर्ष बंदीत गेलं. दुसरं म्हणजे ठावठिकाणा कळवायचा नियम. चाचणीच्या यादीत असलेल्या खेळाडूला आपण कुठे सापडू ते आधी नोंदवावं लागतं. बारा महिन्यांत तीन वेळा चूक झाली, तर काहीही न घेता तो नियमभंग ठरतो. आता तुमच्या खेळात संघाचा डॉक्टर आणि कार्यालयातला माणूस नेमायला पैसे लागत असतील, तर डोपिंग तिथे आणा. डॉक्टर न नेमता एक मोसम काढला तर कुणीतरी सर्दीची गोळी न विचारता घेईल, कुणाचा तरी अर्ज भरायचा राहील. तिथे दोष खेळणाऱ्यापर्यंत पोहोचतो आणि बंदीची ओळ आभाळातून पडत नाही.

फिक्सिंगवर माझं तुमच्या मित्राशी अजिबात जमणार नाही, आणि त्याचं कारण इंजिनात आहे. इंजिन प्रत्येक चेंडूला फासे टाकतं. खेळणाऱ्याचा त्या फाशांवर विश्वास असतो म्हणूनच शेवटच्या षटकात सुटलेला झेल त्याच्या जिव्हारी लागतो. काही सामने इंजिन आतून विकू शकतं, हे त्याला एकदा कळलं की प्रत्येक सुटलेल्या झेलाला शंकेची पाल चुकचुकणार. २००० साली दक्षिण आफ्रिकेचा कप्तान हॅन्सी क्रोनिएचं फिक्सिंगचं प्रकरण बाहेर आल्यावर खऱ्या क्रिकेटचं हेच झालं होतं. लोक जुने, जिवाचे सामने आठवून विचारू लागले, तो तरी खरा होता का? तुमच्या बाबतीत खापर कुठल्या बुकीवर फुटणार नाही, तुमच्या कोडवर फुटेल. तीन वर्षं रात्री जागून उभं केलेलं इंजिन अशा संशयाच्या तोंडी देऊ नका.

पण टेबलावर येणारा एक भाग यातही आहे. गैरमार्गाची विचारणा झाली तर ती कळवणं आयसीसीच्या नियमांत बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. ऑक्टोबर २०१९ मध्ये शाकिब अल हसनवर दोन वर्षांची बंदी आली, त्यातलं एक वर्ष स्थगित. त्याने सामना विकल्याचा आरोप नव्हता. विचारणा झाल्याचं त्याने कळवलं नव्हतं. हा प्रसंग तुमच्याकडे सहज येतो. बावीस वर्षांचा एक गोलंदाज दार लोटून आत येतो आणि सांगतो, एक ओळखीचा माणूस घड्याळ देऊन गेला, खेळपट्टीबद्दल विचारत होता. कळवलं तर चौकशी लागते, तो काही सामने मन लावून खेळू शकत नाही, ड्रेसिंग रूममध्ये कुजबुज होते. नाही कळवलं तर कित्येक महिने काहीच होत नाही. ते ‘काहीच होत नाही’ तुमच्या इंजिनाने नीट सांभाळलं तर मला तो प्रसंग जगातल्या कुठल्याही फिक्सिंगच्या इव्हेंटपेक्षा जास्त आवडेल. मॅनेजरने स्वतः पैसे घ्यायचं बटण मात्र नको. मॅनेजर गेममध्ये पैसे देणारं बटण म्हणजे हिशोबाची गोष्ट. आठ दिवसांत कुणीतरी मांडून दाखवेल की तिसऱ्या मोसमात एक सामना विकणं परवडतं.

नैराश्याचं. तुमच्याकडे ‘मनोबल’ नावाचा आकडा असणारच, हरलं की घटणारा, जिंकलं की वाढणारा. नैराश्य त्या आकड्याच्या तळाला चिकटवू नका. ऑक्टोबर २०१९ मध्ये ग्लेन मॅक्सवेलने मानसिक आरोग्यासाठी विश्रांती मागितली, त्याच्या काही दिवस आधी त्याने श्रीलंकेविरुद्ध २८ चेंडूंत ६२ धावा कुटल्या होत्या. तुमच्या इंजिनाने त्याचं मनोबल वीसपैकी वीस दाखवलं असतं. म्हणून या दोन गोष्टींमध्ये कोडमध्ये कसलाही धागा ठेवू नका. टेबलावर एक रजेचा अर्ज येऊ दे. कारण : वैयक्तिक. बस. मॅनेजरला किती रजा द्यायची, करार चालू ठेवायचा का, परत आल्यावर जागा राखून ठेवायची का, एवढंच ठरवायचं असतं, आणि आत काय चाललंय हे त्याला कळत नाही. पैसे मोजून पाच आठवड्यांत बरं करणारा ‘समुपदेशक’ विकायला ठेवू नका, कळकळीने सांगते.

आता खरी माणसं. ‘फुटबॉल मॅनेजर २०१८’ मध्ये खेळाडू आपण समलिंगी असल्याचं जाहीर करू शकत होते, पण फक्त खेळाने स्वतः निर्माण केलेले काल्पनिक खेळाडू. खऱ्या एकाही खेळाडूवर तो फासा पडत नव्हता. हा निर्णय अगदी योग्य होता आणि तुम्ही तो जसाच्या तसा उचला. खऱ्या माणसाचं नाव असलं की त्याच्यावर फक्त क्रिकेटचे फासे : धावा, बळी, सूज आलेला गुडघा. व्यसन, गुन्हा, घरातलं काही, मन, यांतला एकही नाही. वापरायची परवानगी हा आणखी वेगळा मामला आहे. जर्मन गोलरक्षक ऑलिव्हर कानने आपलं नाव आणि रूप न विचारता वापरल्याबद्दल ‘ईए’ या व्हिडिओ गेम कंपनीविरुद्ध हॅम्बुर्गच्या न्यायालयात दाद मागितली आणि २००३ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. ऐतिहासिक मोड विकायला काढण्याआधी वकिलाला भेटा.

आणि त्या ऐतिहासिक मोडवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. १९७० हे साल तुम्ही कशासाठी धरलंत माहीत नाही, पण क्रिकेटमधल्या सगळ्यात मोठ्या राजकीय प्रश्नाच्या ऐन उंबऱ्यावर तुमचा खेळ सुरू होतो. त्या वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेने ऑस्ट्रेलियाला ४-० असं हरवलं, आणि त्यानंतर वर्णभेदामुळे त्यांच्यावर पडलेल्या बहिष्कारापायी थेट एप्रिल १९९२ पर्यंत त्यांचा कसोटी सामना झाला नाही. बॅरी रिचर्ड्सची कसोटी कारकीर्द त्या चार सामन्यांत सुरू होऊन संपली, सरासरी ७२.५७. ग्रॅम पोलॉक २३ कसोटींवर थांबला, सरासरी ६०.९७.

तुमचं इंजिन इथे काय करतं? माझा अंदाज असा की दोनपैकी एक. एकतर ते या संघाला पुढची बावीस वर्षं खुशाल खेळू देतं, कारण रिचर्ड्स आणि पोलॉकला खेळताना बघायचा मोह कुणालाही होईल. नाहीतर कारण न सांगता संघ यादीतून गायब करतं. पहिल्यात वर्णभेदाचा कायदा जसाच्या तसा आहे, संघ फक्त गोऱ्यांचा आहे आणि सगळं जग त्यांच्याशी आनंदाने खेळतंय. तुम्ही त्यावर एक अक्षर लिहिलं नाही तरी ती भूमिका झाली. दुसऱ्यात इतिहास शिकायला बसलेल्या पोराला वाटेल, डेटाच हरवला.

इथे डेटाबद्दलही एक गोष्ट बोलायलाच हवी. पोलॉकच्या हुकलेल्या धावांची हळहळ आपल्याला करता येते, कारण डेटाबेसमध्ये त्याच्या नावाची ओळ आहे. त्याच देशात कातडीच्या रंगामुळे ज्यांना संघाच्या दारापर्यंतही येऊ दिलं नाही, ते वेगळ्या मंडळांखाली, मिळेल त्या मैदानावर खेळले. त्यांच्या नावाची ओळच तुमच्याकडे नाही. ‘बहिष्कार झालाच नसता तर’ असं बटण तुम्ही ठेवलंत तर ते फक्त पहिल्यांना न्याय देतं. ज्यांच्यावरच्या अन्यायामुळे बहिष्कार झाला ते पुन्हा बाहेरच राहतात.

त्यांतल्या एकाची ओळ मात्र आहे, कारण तो देश सोडून गेला. केप टाऊनचा बेसिल डॉलिव्हेरा १९६० मध्ये इंग्लंडला पोहोचला, १९६६ पासून इंग्लंडकडून खेळला. ऑगस्ट १९६८ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने १५८ धावा केल्या. त्यानंतर काही दिवसांतच दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याचा संघ जाहीर झाला आणि त्यात त्याचं नाव नव्हतं. मग टॉम कार्टराइटने माघार घेतली, त्याच्या जागी डॉलिव्हेराला घेतलं, आणि दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर यांनी हा संघ चालणार नाही असं सांगितल्यावर दौरा रद्द झाला. हे सगळं संघनिवडीच्या बैठकीतून सुरू झालं. एक फलंदाज, एक शतक, सोळा जणांच्या आसपासची एक यादी. तुमचा खेळ दुसरं काय आहे? राजकारण बाहेरून आणून चिकटवावं लागत नाही, तुम्ही संघाची यादी लिहायला कागद पुढे सरकवलात की ते आलेलंच असतं.

म्हणून मी असं करीन. मोड सुरू होतानाच एक पान, चार सरळ वाक्यांचं : दक्षिण आफ्रिकेचा संघ १९७० ते १९९१ आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये नाही, त्या देशाच्या वर्णभेदी कायद्यांमुळे, आणि या खेळात ते बदलता येत नाही. रिचर्ड्सला खेळताना बघायचंय त्याला खऱ्या वाटा आहेत. १९७० चा त्यांचा इंग्लंड दौरा मे महिन्यात रद्द झाला आणि त्याऐवजी गारफिल्ड सोबर्सच्या नेतृत्वाखाली शेष विश्व संघ इंग्लंडशी पाच सामने खेळला. त्यात रिचर्ड्स, पोलॉक, माइक प्रॉक्टर होते. पुढे रिचर्ड्स हॅम्पशायरकडून आणि प्रॉक्टर ग्लॉस्टरशायरकडून वर्षानुवर्षं खेळले. कौंटी संघ सांभाळणाऱ्याच्या हातात ते येऊ शकतात. आणि १९८२ साल आलं की मॅनेजरच्या टेबलावर त्या मोडमधला सगळ्यात अवघड कागद ठेवा. त्या वर्षी इंग्लंडचे काही खेळाडू बहिष्कार मोडून ‘बंडखोर’ दौऱ्यावर दक्षिण आफ्रिकेला गेले आणि त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. तुमचा सलामीवीर सांगायला आलाय की मोठ्या रकमेचा प्रस्ताव आहे. तुम्ही त्याला काय सांगता? खऱ्या नावांवर फासा नको हे मी वर म्हटलंय, तेव्हा इथे जे खरोखर गेले तेच जाऊ देत. ते गेल्यावर रिकामी जागा कशी भरायची, एवढंच मॅनेजरला ठरवू दे.

काल्पनिक मोडमध्ये वर्णद्वेष यायचा असेल तर तो प्रेक्षकांतून येऊ दे. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत मोहम्मद सिराजने प्रेक्षकांच्या शेरेबाजीची तक्रार केली, खेळ थांबला, काही प्रेक्षकांना बाहेर काढलं. संघाने मैदानात थांबायचं की आत जायचं, हा निर्णय मॅनेजर आणि कप्तानाचा. दोन्ही उत्तरांना एकही गुण वाढवू नका, घटवू नका. खेळाडू पुढच्या कराराच्या वेळी ते लक्षात ठेवील, तेवढं पुरे. त्याहून जास्त वेळ एका वेगळ्या ठिकाणी घाला : तुमच्या खेळाडू बनवणाऱ्या कोडमध्ये. २०२० मध्ये फुटबॉल समालोचनाची एक पाहणी झाली होती. त्यात गोऱ्या खेळाडूंच्या बुद्धीची आणि काळ्या खेळाडूंच्या ताकदीची स्तुती जास्त होते असं दिसलं. नावाच्या यादीवरून तुमचा प्रोग्राम ‘डोकेबाज’ कुणाला करतो आणि ‘दणकट’ कुणाला, ते हजार खेळाडू पाडून एकदा मोजा. रँडम इव्हेंटमध्ये वर्णद्वेष नाही आणि जनरेटरमध्ये आहे, अशी वेळ येऊ देऊ नका.

महामारी नको. तिच्यातून शिकायचं ते शिका. १६ मे २०२० ला जर्मनीची फुटबॉल लीग बुंडेसलिगा रिकाम्या मैदानांत सुरू झाली आणि घरच्या संघाला मिळणारा फायदा ओसरलेला दिसला. तुमच्या इंजिनात घरच्या मैदानाचा फायदा एक ठरलेला आकडा असेल, तर तो प्रेक्षकांच्या संख्येशी जोडा. मित्रालाही बरं वाटेल.

तुमच्या पत्रात महिला क्रिकेटचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून विचारते. क्रिकेटचा पहिला विश्वचषक १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला आणि तो महिलांचा होता, पुरुषांच्या आधी दोन वर्षं. १९७० पासूनचा इतिहास म्हणून तुम्ही विकणार आणि त्यात तो नसणार? ‘फिफा १६’ मध्ये महिलांचे बारा राष्ट्रीय संघ आले, ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये महिला फुटबॉल यायला २०२५ उजाडलं. काम मोठं आहे हे मान्य. पण टेबलावरच्या कागदांच्या दृष्टीने बघाल तर तिथे ताजं बरंच आहे. क्रिकेट ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये बाळंत होणाऱ्या खेळाडूला बारा महिन्यांपर्यंत पगारी रजा आणि पुढच्या कराराची हमी दिली. तुमची मुख्य यष्टिरक्षक येऊन सांगते की ती आई होणार आहे. यात वाईट काहीच घडलेलं नाही आणि तरी मॅनेजरला पुढचं सगळं वर्ष नव्याने मांडावं लागतं. असा प्रसंग पुरुषांच्या मॅनेजर गेममध्ये मी अजून पाहिलेला नाही.

आता तो मृत्यू. आजच काढा, मित्राशी चर्चा न करता काढलात तरी चालेल, नंतर त्याला हे वाचायला द्या. मॅनेजरला त्यात ठरवण्यासारखं काही नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये चेंडू मानेवर लागून फिलिप ह्यूज गेला, तेव्हा क्रिकेटने त्यातून हेल्मेटच्या मागे मान झाकणारं संरक्षण आणलं. तुमच्या खेळात ते संरक्षण साहित्य म्हणून येऊ शकतं, खेळाडूंना ते सक्तीचं करायचं का, हे मॅनेजरला ठरवता येतं. ह्यूज ज्या कारणाने गेला त्या कारणाला खेळात जागा आहे. मृत्यूच्या फाशाला नाही.

शिवाय माझ्याकडून असं एकदा घडलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका फुटबॉलच्या खेळात मीही अपघाताची ओळ लिहिली होती, फार क्वचित पडणारी. खेळात खेळाडूंची नावं बदलायची सोय होती. एका माणसाने एका विंगरला आपल्या धाकट्या भावाचं नाव दिलं होतं. भाऊ आधीच गेलेला होता. तो खेळात तेरा मोसम खेळला, कप्तान झाला, आणि मग एका मंगळवारी माझी ओळ त्याच्यावर पडली. त्या माणसाने मला रागाचं पत्र लिहिलं नाही. त्याने फक्त विचारलं होतं की आधीची सेव्ह फाईल परत मिळेल का. माझ्याकडे नव्हती.

तुमच्याही खेळात नावं बदलता येत असतील. टेस्टरची फाईल तुमच्या सर्व्हरवर असेल, तर सगळ्यात आधी बघा, तो खेळाडू तुमच्या जनरेटरने दिलेल्या नावाचाच होता की नाव बदललेलं होतं. इव्हेंटच्या आधीची प्रत मिळत असेल तर ती वेगळी काढून ठेवा. मग त्याला चार ओळी लिहा : ती ओळ आम्ही काढली आहे, तुमचा खेळ त्या दिवसाच्या आदल्या सामन्यापासून जपून ठेवला आहे, हवा तेव्हा मागा. परत खेळायला या, असं त्यात लिहू नका.